निबंधाची सुरुवात अडतेय? आधी एवढं कर

प्रस्तावना सगळ्यात आधी पक्की करायचा हट्ट सोड. कच्च्या कागदावर मुद्दे काढ, निबंधात काय म्हणायचंय ते एका वाक्यात लिही आणि मगच पहिल्या परिच्छेदाकडे वळ. अडीचशे शब्दांच्या निबंधाला तीन-चार वाक्यं, म्हणजे चाळीस-पन्नास शब्द पुरतात.

समजा, विषय आहे ‘सार्वजनिक वाचनालयांची गरज’. ‘आजच्या धकाधकीच्या युगात वाचनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चिकटतं, म्हणून ते खोड. त्याऐवजी असं बघ:

‘संध्याकाळी सहा वाजता वाचनालयात एकच वर्तमानपत्र तिघे जण पाने वाटून वाचतात. पुस्तकांच्या कपाटाला मात्र त्या वेळी कुलूप असते. वाचनालय खऱ्या अर्थाने उपयोगी व्हायचे, तर पुस्तके देण्याच्या वेळा वाचकांच्या सोयीच्या हव्यात.’

पहिलं वाक्य चित्र उभं करतं, दुसरं अडचण सांगतं आणि तिसरं तुझं मत. हे तिसरं वाक्यच सर्वांत महत्त्वाचं, कारण पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याला धरून चालतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- ‘या निबंधात मी सांगणार आहे’ असं लिहिणं. थेट सांग.
- पाठ केलेला सुविचार किंवा श्लोक विषयाशी नातं नसताना डकवणं.
- सगळे मुद्दे इथेच संपवणं. मग पुढे तेच तेच येतं.

अलंकार, म्हणी वगैरे सध्या राहू दे. निबंध संपला की प्रस्तावना पुन्हा वाच. मत लिहिता लिहिता बदललं असेल, तर तिसरं वाक्य बिनधास्त बदल.