शुमानची ‘ट्रॉयमेराय’ किती संथ वाजवावी?

प्रश्न : माझी मुलगी जर्मन संगीतकार शुमानची ‘ट्रॉयमेराय’ (म्हणजे स्वप्नरंजन) ही पियानोवरची रचना बसवते आहे. शिक्षिका ती अतिशय संथ घ्यायला सांगतात. पुस्तकात मात्र मिनिटाला १०० मात्रा छापल्या आहेत. खरे काय मानावे? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : १०० हा आकडा १८३८ मध्ये रचलेल्या ‘किंडरत्सेनेन’ (बालपणीची दृश्ये) या तेरा लहान रचनांच्या संचातील सातव्या रचनेवर शुमान यांच्याच नावाने छापला गेला, मात्र त्यांच्या पत्नी क्लारा, ज्या स्वतः नावाजलेल्या पियानोवादक होत्या, त्यांनी पुढे काढलेल्या आवृत्तीत तो ८० केला. आज बहुतेक वादक याहूनही बरेच संथ वाजवतात. माझ्या मते मुलीने आधी सुरावट एका श्वासात गुणगुणून पाहावी आणि ती जिथे तुटणार नाही, तीच लय धरावी. फार रेंगाळल्यास स्वप्नाऐवजी नागपुरी मे महिन्यातली दुपारची गुंगी येते.

स्वर एफ मेजर, म्हणजे आपल्या पेटीवरची सफेद चार (सप्तकातली चौथी पांढरी पट्टी). तिला षड्ज मानल्यास काळी पाच हा शुद्ध मध्यम होतो. शेवटाकडे सुरावट वरच्या गंधारावर थांबते, तेव्हा खालच्या स्वरमेळात शुद्ध मध्यमाऐवजी सफेद सात, म्हणजे तीव्र मध्यम, येतो. साऱ्या रचनेची हुरहुर मला त्या एका थांब्यात साठलेली वाटते. तिथे घाई नको, आणि बोट आपटायचे तर मुळीच नाही.