महाविद्यालयाच्या गटाने पुष्करचा उंटमेळा पाहायला नेमके कोणत्या दिवशी जावे?

कार्तिक पौर्णिमेच्या स्नानासाठी गर्दी उसळते हे खरे असले, तरी तुमच्या तीस जणांच्या गटाला जनावरांचा बाजार पाहायचा असेल, तर पौर्णिमेच्या निदान सहा-सात दिवस आधी पोहोचावे. कारण खरेदी-विक्री सुरुवातीच्या दिवसांतच होते आणि पौर्णिमेपर्यंत बहुतेक पशुपालक परतीच्या वाटेला लागलेले असतात.

पहाटे मैदानावर जावे. शेकोटीवर चहा उकळत असतो, उंट पाळणाऱ्या रायका समाजाचे पशुपालक घोंगडी पांघरून बसलेले असतात आणि गिऱ्हाईक उंटाचा जबडा उघडून, आपल्याकडच्या बैलबाजारात पाहतात तसेच, दातांवरून वय ताडत असते. काही उंटांच्या अंगावरचे केस कातरून वेलबुट्टी काढलेली दिसते. मात्र उंटांचे कळप पूर्वीइतके मोठे राहिलेले नाहीत. २०१५ च्या राजस्थानच्या कायद्याने उंटांच्या कत्तलीवर बंदी आणि परराज्यात नेण्यावर निर्बंध आले, त्यामुळे त्यांची मागणी घटली. घोड्यांचा बाजार मात्र तेजीत असतो. माझ्या मते मुलांनी पशुपालकांशी या विषयावर अवश्य बोलावे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, काही जण त्याचे पैसे मागतात.

अजमेर स्थानकावर उतरून नाग पहाडाच्या घाटातून बसने साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुष्कर येते. गावात मद्य, मांस आणि अंडी वर्ज्य आहेत, तसेच सरोवराच्या घाटांवर पादत्राणे चालत नाहीत, याची कल्पना सर्वांना आधीच द्यावी. रात्री थंडी पडते, स्वेटर हवाच.