गेम अडखळतोय? आधी तापमान बघ

नवीन ग्राफिक्स कार्डाचे पैसे एवढ्यात घालू नकोस. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग) बंद करून गेम चालव आणि टास्क मॅनेजर उघड. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय; ५०-६० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर, रॅम नाहीतर उष्णता. सुरुवातीला सुरळीत आणि थोड्या वेळाने अडखळत असेल, तर माझा पहिला संशय उष्णतेवर. प्रोसेसर १०० अंशांजवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उतरवून बघ: हीटसिंकच्या पात्यांत बऱ्याचदा धूळ गच्च बसलेली असते, खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) वाळून तिचा भुगा झालेला असतो. जुनी पेस्ट पुसून नवी लाव. आणि हो, मॉनिटरची केबल मदरबोर्डला तर लावली नाहीस ना? ती कार्डालाच हवी.