२०२४ मधले तुमचे सर्वांत आवडते अ‍ॅनिमेशनपट आणि मालिका कोणत्या?

पहिलं नाव 'फ्लो'. लाटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिसचा हा चित्रपट. सगळीकडे पूर, एक मांजर कसंबसं होडीत चढतं आणि हळूहळू कॅपिबारा, लेमूर, कुत्रा असे सोबती जमतात. अख्ख्या चित्रपटात एकही संवाद नाही! प्राणी माणसांसारखे बोलत-वागत नाहीत. मांजराचे कान मागे गेले, अंग आक्रसलं, की त्याची भीती आपल्यापर्यंत पोचते. आणि हे सगळं ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेलं. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा फार आनंद झाला.

'लुक बॅक' हा जपानी चित्रपट जेमतेम तासाभराचा आहे. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या दोन मुलींची मैत्री. टेबलावर वाकून तासन्‌तास चित्रं काढणारी ती पाठमोरी मुलगी मनातून जात नाही. चित्रकलेची आवड असेल तर आधी हाच बघा.

'द वाइल्ड रोबॉट'ही आवडला, विशेषतः हाताने रंगवल्यासारखं ते जंगल.

मालिकांत 'आर्केन'चा दुसरा सीझन. नऊ भागांत कथा जरा घाईने उरकली आहे, पहिल्या सीझनची पकड त्यात नाही. तरी फोर्टिश स्टुडिओने चेहऱ्यांवर जे काम केलंय, त्यासाठी तो बघायलाच हवा.