नाटक कंपनीत १२० तास

नव्या शैक्षणिक धोरणाने कला शाखेलाही ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आणले. ४ श्रेयांक, एका श्रेयांकाचे ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. बँक आणि पतसंस्थेच्या पलीकडे कुठे पाठवायचे, असा प्रश्न पडलेली महाविद्यालये आता नाट्यसंस्थांची दारे ठोठावू लागली आहेत. या अंकात त्याविषयी आलेल्या पत्रांना रंगभूमीवर निर्मिती, प्रकाशयोजना आणि अध्यापन करणाऱ्या मंडळींची उत्तरे.

आम्हाला एका नाट्यसंस्थेशी सामंजस्य करार करायचा आहे. हाताशी असलेला नमुना कारखान्यांसाठी लिहिल्यासारखा वाटतो. नाटकासाठी त्यात काय बदलावे?
— मराठीच्या प्राध्यापिका, सातारा

करारनामा बाजूला ठेवा आणि संस्थेला आधी एवढेच विचारा की नवे नाटक कधी उभे राहते आहे. चालू नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी होतात. सेट लावण्यापासून तो उतरवून टेम्पोत भरेपर्यंत एका प्रयोगाचे सहा तास धरले तरी १२० तासांना वीस प्रयोग लागतात. तेवढ्यात सत्र संपते आणि मुलगा एकच काम वीस वेळा करून परत येतो. नव्या नाटकात हिशेब वेगळा बसतो. रोज ४ तासांप्रमाणे २५ दिवसांच्या तालमींचे १०० तास, तांत्रिक आणि रंगीत तालमीचे मिळून १०, शुभारंभ आणि त्यापुढचा एक प्रयोग यांचे १०. महिना-सव्वा महिन्यात पहिल्या वाचनापासून पडदा उघडेपर्यंतचे सगळे टप्पे बघून होतात.

आता करार. त्यात संस्थेइतकेच एका माणसाचे नाव हवे. व्यावसायिक नाटकात हा माणूस बहुधा सूत्रधार (म्हणजे नाटकाचे व्यवस्थापन पाहणारा) किंवा सहायक दिग्दर्शक असतो. निर्मात्याचे नाव घालू नका, तो तालमीला रोज नसतो आणि तासांच्या वहीवर सही करायला तर कधीच सापडत नाही. एका नाटकावर तीनपेक्षा जास्त मुले नकोत आणि तिघांना तीन वेगळी खाती द्या: एकाला संहिता आणि प्रॉम्प्टिंग (विसरलेले वाक्य नटाला आठवून देणे), एकाला प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) व वेशभूषा, एकाला प्रकाश किंवा संगीत. दहा मुलांची फौज पाठवली की ती भिंतीला टेकून मोबाइल बघत बसते, आणि पुढच्या वर्षी संस्था तुमचा फोन उचलत नाही.

‘आवश्यकतेनुसार काम करावे लागेल’ हे वाक्य दिसले की खोडा. त्या एका वाक्यावर मुले पंचवीस दिवस चहा आणतात. चहा आणायला हरकत नाही, सगळेच आणतात. पण खाते लिहिलेले असले की चहानंतर पुन्हा खात्यावर येता येते.

याशिवाय रात्री किती वाजेपर्यंत थांबायचे, प्रवासखर्च आणि जेवण कोणाकडे, अपघात विम्यात तालमीची जागा आणि नाट्यगृह धरले आहे का, आणि तालमीचे चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, हे चार मुद्दे लेखी हवेत. शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. शुभारंभाआधी नाटकाचा शेवट एखाद्या स्टेटसवर फुटला, तर करार तिथेच संपतो.

मला अभिनय करायचा आहे. कॉलेजने मात्र बॅकस्टेजला पाठवायचे ठरवले आहे. यात माझे सहा महिने फुकट जातील का?
— बी.ए. तृतीय वर्षाचा विद्यार्थी, नाशिक

सहा महिने नाहीत, १२० तास आहेत. ओजेटीला आलेल्या मुलाला व्यावसायिक नाटकात भूमिका मिळत नाही, हे आधीच समजून जा. अभिनयाच्या सर्वांत जवळची खुर्ची प्रॉम्प्टिंगची, तीच मागून घ्या. तालमीला एखादा नट उशिरा येतो, मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकतो. तेव्हा त्याच्या जागी प्रॉक्सी म्हणून उभे राहायला प्रॉम्प्टरलाच बोलावतात, कारण हालचाली त्यालाच ठाऊक असतात. मात्र प्रॉक्सीला उभे राहिल्यावर अभिनय करून दाखवू नका. समोरच्या नटाला त्याच्या वाक्यासाठी नेमका शब्द आणि नेमकी जागा द्या, बाकी काही नको.

संहितेच्या प्रतीत डाव्या कोऱ्या पानावर हालचाली पेन्सिलीने लिहा. पेनाने लिहिलेली प्रत आठवड्यात वाचता येईनाशी होते, कारण दिग्दर्शक हालचाली बदलतच राहतो. डावे-उजवे नेहमी रंगमंचावरून प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचे धरायचे.

मला प्रॉपर्टी सांभाळायला दिली आहे. वस्तू गोळा करून ठेवणे याशिवाय त्यात शिकण्यासारखे काय आहे?
— बी.ए. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

भरपूर आहे, आणि ते एका तक्त्यात मावते. बहुतेक जण तीन रकाने करतात: वस्तू, कोणत्या प्रवेशात, कोणत्या विंगेतून आत जाते. घोळ चौथ्या रकान्याचा असतो: वस्तू बाहेर कोणत्या विंगेत येते. समजा, पहिल्या अंकात नायिका उजव्या विंगेतून पत्र घेऊन आत आली आणि डावीकडे निघून गेली. दुसऱ्या अंकात तिला तेच पत्र पुन्हा उजवीकडून आणायचे आहे. मध्यंतरात ते कोणीतरी डावीकडून उजवीकडे न्यायचे असते. ते ‘कोणीतरी’ म्हणजे तुम्ही. चौथा रकाना नसला की नायिका रिकाम्या हाताने आत जाते आणि पत्र वाचण्याचा प्रवेश तोंडी सांगून निभावावा लागतो.

दोन्ही विंगांत एकेक टेबल लावा. त्यावर ब्राऊन पेपर चिकटवा, प्रत्येक वस्तू जागेवर ठेवून मार्करने तिची कड आखा आणि आत नाव लिहा. मग अंधारातही, बॅटरीच्या एका झोतात, काय कमी आहे ते रिकाम्या चौकोनावरून कळते. तपासणी तीनदा करायची: पहिल्या घंटेआधी, मध्यंतरात, आणि प्रयोग संपल्यावर पेटीत भरताना. तिसरी तपासणी कंटाळ्याने टळते, आणि मग ठाण्यात राहिलेला चष्मा दुसऱ्या दिवशी पुण्याच्या प्रयोगात आठवतो.

खाण्यापिण्याच्या आणि फाटणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी ठेवा. रोज फाडले जाणारे पत्र, रोज खाल्ले जाणारे पोहे, रोज फुटणारा कप. यांचा दर प्रयोगाचा खर्च काढून सूत्रधाराला द्या. निर्मितीखर्च आणि प्रयोगखर्च यांतला फरक इथेच समजतो. नटाला खायला देताना कोरडे, चुरा होणारे काही देऊ नका, पुढच्याच वाक्याला ठसका लागतो.

आमचे दोन विद्यार्थी प्रकाशयोजनाकाराकडे जाणार आहेत. त्यांनी नेमके काय शिकून यावे? कॉलेजच्या सभागृहातले दिवे प्रयोगात मध्येच बंद पडतात, त्याचाही उपयोग व्हावा.
— सांस्कृतिक विभागप्रमुख, कोल्हापूर

तुमच्या दुसऱ्या वाक्यातच पहिला धडा आहे. १००० वॅटचा एक हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अॅम्पिअर घेतो. तीन दिव्यांचे १३ झाले, चौथ्याला १७.४. सर्किट १६ अॅम्पिअरचे असेल तर चौथा दिवा लावताच एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडेल असे वाटते, पण इतक्या थोड्या जादा भाराला ती लगेच पडत नाही. तालमीत सगळे ठीक चालते. प्रयोगात दिवे बराच वेळ पूर्ण तेजावर राहिले की वायर आणि प्लग तापतात, प्लग वितळू लागतो किंवा ऐन प्रवेशात अंधार होतो. मग मुले मोठ्या अॅम्पिअरची एमसीबी बसवायला सांगतात. हे कधीही करू नका, कारण वायर तीच राहते आणि आग वायरीला लागते. एका सर्किटवर तीन, हा नियम भिंतीवर लिहा. ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्याच शहरातले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेले. नाट्यगृहात आग किती झपाट्याने पसरते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

एलईडी पारमध्ये (रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांत) भाराची चिंता कमी, पत्त्याची, म्हणजे दिव्याच्या पहिल्या चॅनलच्या क्रमांकाची, जास्त. कन्सोलवरून दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या डीएमएक्स या संदेशपद्धतीच्या एका ओळीत ५१२ चॅनल असतात. दिवा ७ चॅनलचा असेल तर पत्ते १, ८, १५, २२ असे पडतात. घाईत दुसऱ्याला ७ दिला, तर पहिल्या दिव्याचे सातवे आणि दुसऱ्याचे पहिले चॅनल एकच होते. मग एक हलवला की दुसराही हलतो आणि कन्सोल बिघडला म्हणून ओरड होते. एकाच प्रकारचा दिवा वेगवेगळ्या चॅनलसंख्येवर चालवता येतो, म्हणून भाड्याने आलेल्या प्रत्येक दिव्याचा मोड मागच्या डिस्प्लेवर वाचूनच पत्ता द्यायचा.

पण खरा अभ्यास क्यूशीटचा, म्हणजे प्रकाशातल्या प्रत्येक बदलाच्या (क्यूच्या) यादीचा. त्यात क्यूचा क्रमांक, तो कशावर द्यायचा, किती सेकंदांत बदलायचा आणि काय बदलायचे, हे सगळे हवे. ‘कशावर’ या रकान्यात विचार लागतो. क्यू वाक्यावर बांधला आणि नटाने ते वाक्य गाळले, तर ऑपरेटर वाट बघत बसतो. म्हणून जमेल तिथे क्यू हालचालीवर बांधतात: दार उघडले, ग्लास टेबलावर ठेवला. दोन्ही लिहून ठेवावे. आणि ‘स्टँडबाय’ची (तयार राहा) खूण क्यूच्या अर्धे पान आधी.

विद्यार्थ्यांनी शिडीवर एकट्याने चढायचे नाही, टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सेफ्टी चेन आहे ना ते पाहायचे, आणि मेन पॅनेलला हात लावायचा नाही. ते काम नाट्यगृहाच्या वीजतंत्रज्ञाचे.

पैसे मिळतात का? घरी हेच विचारतात.
— विद्यार्थी, कल्याण

१२० तासांचे सहसा नाही. प्रवासखर्च आणि जेवण मात्र मागा. ते द्यायला खळखळ करणारी संस्था पुढेही खळखळच करेल. रंगभूमीवर प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशाला ‘नाईट’ म्हणतात. तास पूर्ण झाल्यावर ‘अजून थोडे प्रयोग सांभाळ’ असे सांगितले गेले आणि तुम्ही एखादे खाते एकटे चालवत असाल, तर त्या दिवसापासून नाईट ठरवून घ्या, आकडा मेसेजवर लिहून घ्या. ‘नंतर बघू’ या बोलीवर कोणी कोणाचे बघितलेले नाही.

मुलगी तालमीला जाते, रात्री फार उशीर होतो. काही त्रास झाला तर दाद कुठे मागायची?
— पालक, डोंबिवली

रात्री साडेआठचा प्रयोग अकराच्या पुढे संपतो आणि सेट उतरवायला आणखी तास जातो. पडदा पडल्यावर विद्यार्थ्यांनी निघायचे, अशी अट महाविद्यालयाने करारात घालावी, मुलग्यांसाठीसुद्धा. सेट उतरवणे शिकायचे असेल तर दुपारच्या प्रयोगाला थांबावे.

दाद मागायला २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे आणि तो प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो. तालमीची जागा आणि संस्थेने पुरवलेली दौऱ्याची बस हीसुद्धा कामाची ठिकाणे धरली जातात. १० किंवा अधिक माणसे काम करत असतील तर संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान संस्थेविषयी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी आणि ३ महिन्यांच्या आत. समिती सदस्यांची नावे मुलीला पहिल्याच दिवशी मिळायला हवीत. महाविद्यालयाने ती मागितली तर संस्था देते. मुलीला एकटीला मागायला लावू नका.

आमच्या भागात व्यावसायिक नाटक येतच नाही. मुंबई-पुण्याला मुले पाठवणे परवडत नाही.
— प्राध्यापक, चंद्रपूर जिल्हा

तुमच्या शेजारी गडचिरोली जिल्ह्यातले वडसा आहे आणि तुम्ही मुंबईकडे बघता आहात! चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टी रंगभूमीचे ते केंद्र. हंगामात नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे गजबजतात आणि गावोगावची माणसे प्रयोग ठरवायला येतात. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास ओसरतो, म्हणजे सहाव्या सत्राशी बराचसा जुळतो. प्रयोग रात्रभर चालतो, त्यामुळे १२० तास दहा-बारा प्रयोगांत भरतील. पण सलग रात्री देऊ नका, आठवड्याला दोनच ठेवा.

मुंबईत न दिसणारी दोन कामे तिथे शिकता येतात. एक, शेतात किंवा मैदानात रंगमंच आणि ध्वनिव्यवस्था शून्यापासून उभारणे. दुसरे, प्रयोगाची विक्री: गावाशी बोली, इसारा, पावसाने प्रयोग रद्द झाला तर काय, तिकिटांचा हिशेब कोणाकडे. वाणिज्यच्या मुलांनाही हे काम लावता येईल.

अहवाल आणि प्रमाणपत्र कसे असावे?
— अनेक वाचक

‘रंगभूमीचा उगम आणि विकास’ने सुरू होणारा तीस पानी अहवाल नको. प्रॉम्प्ट प्रत, क्यूशीट किंवा प्रॉपर्टीचा तक्ता हाच अहवाल, सोबत रोजच्या तासांची सही असलेली वही. संहिता संस्थेची असते, म्हणून प्रॉम्प्ट प्रत गुण देऊन झाल्यावर परत करा. शिक्षकाने एक प्रयोग विंगेतून बघावा आणि क्यूशीट हातात घेऊन पडताळावी; अर्धे गुण तिथेच द्यावेत.

प्रमाणपत्रावर नाटकाचे नाव, खाते, तारखा आणि एकूण तास हवेत. ‘उत्साहाने सहभाग घेतला’ एवढेच लिहिलेला कागद पुढच्या संस्थेतला सूत्रधार वाचतही नाही. तो विचारतो, ‘लाइटला कोणाबरोबर होतास?’