एकोणतीस दिवसांचा हिशेब

प्रश्न : मी मुंबई–न्यूयॉर्क विमानात केबिन क्रू आहे. पासपोर्टवर सी-१/डी, म्हणजे क्रूचा अमेरिकन व्हिसा आहे. ताई न्यू जर्सीत एडिसनला असते, मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे. क्रूला २९ दिवस राहता येतं म्हणतात. लेओव्हरला (दोन फ्लाइटमधल्या तिथल्या मुक्कामाला) जोडून रजा टाकून तीन आठवडे तिच्याकडे राहू का? ताई तर म्हणते, एकदा ये, मग कॉलेजला प्रवेश घेऊन इथेच व्हिसा बदलून टाकू.

उत्तर : आधी ताईंचा बेत डोक्यातून काढा. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथल्या तिथे विद्यार्थी व्हायची परवानगी मागता तरी येते. क्रू म्हणून उतरलेल्याला अमेरिकेच्या कायद्यात ती वाटच ठेवलेली नाही. उद्या तिथल्या नागरिकाशी लग्न केलंत, तरी देश न सोडता ग्रीन कार्डचा अर्ज करताना हेच आडवं येतं. (लग्नाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ताईंकडून पुढचा सल्ला तोच मिळेल!)

आता २९ दिवस. ती कमाल मर्यादा आहे, तुमची सुट्टी नव्हे. काउंटरवर तुम्हाला सोडतात ते कंपनीच्या विमानाने आलात आणि कंपनीच्याच विमानाने परत निघणार म्हणून. विश्रांतीच्या वेळात एडिसनला जाऊन ताईच्या हातचं जेवून आलात, कोणी काही म्हणणार नाही. पण रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकात) परतीची फ्लाइट आहे आणि तुम्ही मात्र बाळाची लंगोटं बदलताय, हे चालत नाही. उतरण्याची परवानगी रद्द होऊ शकते. ठरलेल्या दिवसांपलीकडे जाणूनबुजून राहिलात तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५२ खाली दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही आहे.

स्टाफ तिकिटावर साधी प्रवासी म्हणून जाऊ, असं मनात आलं असेल. तिकीट कंपनीचं असलं तरी तो खासगी प्रवास. त्याला सी-१/डी चालत नाही. बी-१/बी-२, म्हणजे पाहुण्यांचा-पर्यटकांचा व्हिसा वेगळा काढा. दोन्ही व्हिसा एकाच पासपोर्टवर राहू शकतात, क्रूमधल्या अनेकांकडे असतात. मुलाखतीत "बहिणीच्या बाळंतपणाला जातेय" हे सरळ सांगा आणि मंजूर रजेचं पत्र जवळ ठेवा. अर्ज याच आठवड्यात भरा, तारखा लवकर मिळत नाहीत. मार्चपर्यंत व्हिसा हाती आला नाही, तर बारशाला जा.