बांदोलची रेड वाइन चवीला कशी असते? तिच्यासोबत काय खावं?

तुम्ही लिहिलंय की भेट आलेली तीन-चार वर्षांची बाटली तळलेल्या सुरमईसोबत उघडली, तर वाइन नुसतीच तुरट लागली आणि तोंडात लोखंडासारखी चव राहिली. वाइन खराब नव्हती. ती फार लवकर उघडली गेली, आणि ताटात मासा होता. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की ती चव येते. त्यामुळे एवढ्यावरून बांदोलला नाही म्हणू नका, माझी फार आवडती वाइन आहे ती.

बांदोल हे दक्षिण फ्रान्समधलं भूमध्य समुद्राकाठचं गाव, मार्सेय आणि तुलाँ या शहरांच्या मधलं. मागच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या केल्या आहेत, त्यांवर द्राक्षवेली. तोडणी हातानंच करावी लागते, तसा नियमच आहे. रेडमध्ये मूर्वेद्र ही काळ्या द्राक्षांची जात निम्म्याहून कमी चालत नाही, बाकी मुख्यतः ग्रनाश आणि सँसो. या वाइनचा सगळा स्वभाव मूर्वेद्रचा. दाणा लहान, साल जाड, पिकायला सगळ्यांच्या मागून. तिथले बागायतदार म्हणतात, या वेलीला माथ्यावर ऊन हवं आणि मुळाशी पाणी. फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर ही जात या भागातून जवळजवळ गेलीच होती. लुसियाँ पेरो यांनी दोमेन ताँपिए या आपल्या सासुरवाडीच्या मळ्यात ती पुन्हा लावली, शेजाऱ्यांनाही लावायला लावली. १९४१ साली बांदोलला स्वतंत्र नामांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त त्या भागातल्या, नियमानं केलेल्या वाइनलाच लावता येतं, त्यामागेही त्यांचे कष्ट होते.

आता चव. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर रस गोड लागतो आणि जीभ मात्र ओढली जाते, तरुण बांदोल तशी. काळ्या बेरींचा दाट स्वाद, काळी मिरी, ज्येष्ठमध, उन्हात तापलेल्या रानातल्या थाइम-रोझमेरीचा वास, आणि तळाशी थोडा कातड्याचा, मांसाचा वास. हा शेवटचा वास काहींना खटकतो, मला तोच सगळ्यात आवडतो. अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास. नियमाप्रमाणे लाकडी पिंपात किमान १८ महिने काढूनच ती बाहेर येते, तरी तुरटपणा विरघळायला आणखी काळ लागतो. आठ-दहा वर्षांनी फळ मागे सरतं आणि सुकं अंजीर, तंबाखू, ओली माती असे वास वर येतात. बांदोल प्यावी ती तेव्हा.

खाण्याचं सूत्र एकच: चरबी आणि सावकाश शिजवणं. मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा शोषून घेतात, म्हणून तीच वाइन एका घासानंतर मऊ लागते. तिथं लसूण-रोझमेरी टोचून भाजलेली कोकराची मांडी करतात, किंवा दोब, म्हणजे वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. रानडुकराच्या मांसासोबतही ती उत्तम जाते. घरी करायचं तर चरबी असलेलं मटण घ्या, भरपूर लसूण, मिरी, लवंग घाला आणि मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटणही चालतं, फक्त लाल तिखट अगदी कमी. तांबड्या रश्श्यासोबत मात्र नको. अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते आणि वाइनमधला तुरटपणा जास्तच बोचतो, दोन्ही चांगल्या गोष्टी वाया जातात.

शाकाहारी ताटात भाजलेलं वांगं, ऑलिव्ह तेलात परतलेले मशरूम, काळ्या ऑलिव्हची चटणी किंवा मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज. मासाच करायचा असेल तर बांदोलचीच रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. तिथं रेडपेक्षा रोझेच जास्त बनते, म्हणून विकत घेताना रंग पाहून घ्या.

रेड प्यायची ती १६ ते १८ अंशांवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान तिला सोसत नाही, नुसती दारू जाणवते. आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. बाटली तरुण असेल तर दोन तास आधी काचेच्या रुंद जगमध्ये ओतून ठेवा. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्ये, तरुण बांदोल दुसऱ्या दिवशी बहुतेकदा जास्त चांगली लागते.